एक नॉब, एक काम

गेल्या रविवारी ऑफिसातला एक मित्र घरी आला होता. त्याने नुकताच एक मिडी कंट्रोलर घेतलाय, त्यामुळे सध्या तो ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन त्याचा सेटअप बघतो. (नवीन बाळ झालेले लोक दुसऱ्यांची बाळं बघतात तसं.) माझ्या छोट्या खोलीत शिरल्या शिरल्या त्याची नजर टेबलावरच्या काळ्या पट्टीवर गेली. आठ फेडर, आठ नॉब, चोवीस बटणं. अर्ध्याहून जास्त बटणांवर डॉक्टर टेप चिकटवलेली, काही टेपवर काळ्या स्केचपेनने मराठीत लिहिलेलं, काहींवर काहीच नाही.

"हे काय रे? सीन्स का नाही वापरत? चार सीन आहेत ना याला? चाळीस चोक एकशे साठ कंट्रोल्स मिळतात फुकट. तू चाळीसातले दहा वापरतोयस. वाया घालवलास की राव!"

मी चहा ओतत होतो म्हणून गप्प बसलो. शिवाय पाहुणा. पण आठवडाभर ते डोक्यात घोळतंय, तर आता शनिवारी इथे ओकून मोकळा होतो.

माझं म्हणणं एका वाक्यात: घरच्या स्टुडिओतल्या कंट्रोलरवर सीन, लेयर, बँक, पेज, जे काय तुमची कंपनी म्हणत असेल ते, वापरणं हा गाढवपणा आहे. एका नॉबला एकच काम, कायमचं. आणि प्रोग्रॅम करता येण्याची जी सोय आपण पैसे मोजून घेतो, ती कामं वाढवायला नाही, कमी करायला वापरायची असते.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. हे शिकायला मला अकरा मिनिटं लागली, आणि ती माझी नव्हती.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना मिडी माहितीये त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

मिडी १९८३ सालचं आहे. अमेरिकेतला डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेलं प्रोटोकॉल. (२०१३ साली दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. आपल्या कुठल्याही एपीआयला तीस वर्षांनी कोणी बक्षीस देईल का, विचार करा.) गंमत म्हणजे यात आवाज नसतोच, फक्त निरोप असतात. नॉब फिरवला की तीन बाइट जातात: हा कंट्रोल बदलला आणि अमुक चॅनलवर बदलला, कंट्रोलचा नंबर, आणि त्याची किंमत. नंबर ० ते १२७, किंमतही ० ते १२७. सात नंबर म्हणजे व्हॉल्यूम, दहा म्हणजे डावं-उजवं, चौसष्ट म्हणजे पियानोचा पायाखालचा पेडल. मूळ वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक निरोप पोचायला साधारण एक मिलिसेकंद. चाळीस वर्षं झाली तरी हे जसंच्या तसं चालतंय. २०२० मध्ये मिडी २.० आलं, त्यात किमतीला ३२ बिट मिळतात, पण माझ्या टेबलावरची डबी अजून १९८३ चीच भाषा बोलते आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. मूळ पाच पिनांच्या केबलमधून निरोप एकाच दिशेने जायचे. कंट्रोलर बोलणार, पलीकडचा ऐकणार. आता यूएसबी आलं, वाट दोन्ही बाजूंनी मोकळी झाली, पण सवय जात नाही. तुम्ही मुद्दाम जोडून दिलं नाही तर सॉफ्टवेअर उलट काही सांगत नाही. कंट्रोलर आपल्याच नादात असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर आमची आत्या. सांगलीची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली, गाणं शिकली ती लग्नाआधी आणि शिकवते अजून. रेडिओवर वगैरे कधी गेली नाही. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या साठीशांतीला गाते. काळी पाचमध्ये. तिचा आवाज कसा आहे हे मी सांगणार नाही, कारण भाचा सांगतोय म्हटल्यावर तुम्ही निम्मं वजा करणार.

डिसेंबर २०२२ मध्ये तिचं थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं. ते पुण्यात होतं, बुधवारी. स्वरयंत्राच्या नसा थायरॉइडला अगदी खेटून जातात, त्यामुळे आवाजात फरक पडू शकतो, विशेषतः वरच्या स्वरात, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं. ती शनिवारीच आमच्याकडे आली आणि जेवताना सहज म्हणाली, "तुझ्या त्या खोलीत म्हणते एकदा. असू दे तुझ्याकडे."

आता माझी अवस्था बघा. तोपर्यंत मी त्या कंट्रोलरवर किती वीकेंड घातले होते? चौदा. मोजलेत, कारण मॅपिंगची फाइल मी गिटमध्ये ठेवायचो (हसा). सीन एक रेकॉर्डिंगसाठी, सीन दोन मिक्सिंगसाठी, सीन तीन सिंथसाठी, सीन चार 'प्रयोग'. प्रत्येक सीन वेगळ्या मिडी चॅनलवर, रीपरमध्ये प्रत्येकाला वेगळी ॲक्शन. कॉमिट मेसेजेससुद्धा व्यवस्थित. या काळात पूर्ण केलेली गाणी: तीन. त्यातलं एक बायकोच्या भाचीच्या बारशाच्या व्हिडिओचं.

आत्यासाठी मी सगळं फार विचारपूर्वक केलं. कपाटाच्या दाराला गोधडी टांगली. पंखा बंद. कुकर लावायचा नाही म्हणून घरात ताकीद. लॅपटॉपचा पंखा माइकमध्ये येतो म्हणून लॅपटॉप हॉलमध्ये ठेवला, पाच मीटरची यूएसबी केबल दाराखालून आत घेतली. आत फक्त माइक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि कंट्रोलर. स्क्रीन नाही. स्क्रीन नको म्हणून तर कंट्रोलर असतो ना! मी जमिनीवर, आत्या खुर्चीवर, तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा टेबलावर.

तिने हात वर केला. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. बटण लाल झालं.

अकरा मिनिटं ती गायली. भीमपलास. तिने डोळे मिटले होते आणि थोड्या वेळाने मीही. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ येत होता. शेवटी तिने तानपुरा बंद केला, आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी बटण दाबलं, लाल दिवा विझला, मी हॉलमध्ये गेलो.

ट्रॅक रिकामा.

काय झालं होतं ते कळायला पाच मिनिटं लागली, समजायला बरेच दिवस. कंट्रोलर सीन तीनवर होता. सीन तीनमध्ये त्याच बटणावर मी 'लूप चालू-बंद' ठेवलं होतं. म्हणजे रीपरने अकरा मिनिटं इमानेइतबारे लूप चालू ठेवलं, रेकॉर्ड काहीच केलं नाही. सीन कधी बदलला? आदल्या रात्री मी सिंथ घेऊन बसलो होतो तेव्हा तसाच राहिला, की तानपुऱ्याचा डबा ठेवताना कोपरा लागला? मला आजही सांगता येत नाही. चार सीनचे चार बारीक दिवे आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि ते नेमके तानपुऱ्याच्या डब्यामागे गेले होते.

मग लाल दिवा? तो तर लागला होता! हो. कारण तो दिवा कंट्रोलरचा स्वतःचा होता. बटण 'टॉगल'वर असलं की डबी स्वतःच लक्षात ठेवते: एकदा दाबलं, चालू; परत दाबलं, बंद; आणि त्याप्रमाणे दिवा लावते. पलीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं, लूप सुरू झालं की सॉफ्टवेअर मुळात चालूच नाहीये, याच्याशी त्या दिव्याचा संबंध नाही. आणि हेडफोनमधला आवाज इंटरफेसमधूनच थेट येत होता, तो रेकॉर्डिंगशिवायही येतो. म्हणजे मला खात्री देणाऱ्या ज्या दोन गोष्टी होत्या, त्या दोन्हींना काही माहीतच नव्हतं.

आत्या म्हणाली, "असू दे रे. परत म्हणते की." तिने परत म्हटलं. सात मिनिटं. ते माझ्याकडे आहे, तीन ठिकाणी बॅकअप आहे. चांगलं आहे. आधीचं कसं होतं ते ज्या दोघांनी ऐकलं ते दोघं त्याबद्दल बोलत नाहीत.

आता मित्राकडे आणि त्याच्यासारख्या तमाम मंडळींकडे वळतो, कारण तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. फोरमवर मीच ते लिहिलेलं आहे.

पहिलं: "ही तुझी चूक, टूलची नाही." बरोबर, चूक माझी. पण कुठली? बटण दाबण्याआधी दिवा बघितला नाही ही, की एकाच बटणाला चार अर्थ दिले ही? लॅरी टेस्लर नावाचा माणूस होता, झेरॉक्स पार्कमध्ये. आपण दिवसभर जे कट-कॉपी-पेस्ट करतो ते ज्यांनी घडवलं त्यातला एक. २०२० मध्ये गेला. त्याने आयुष्यभर एकच धोशा लावला होता: मोड नकोत. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'नो मोड्स'. त्याचं म्हणणं होतं की एकच कळ वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम करत असेल तर माणूस चुकणारच, आणि ती चूक माणसाच्या नावावर मांडायची नाही. अतिशयोक्ती वाटत असेल तर १९९२ चा स्ट्रासबर्गजवळचा एअरबस ए-३२० चा अपघात वाचा. ८७ माणसं गेली. तपासात जी शक्यता सगळ्यात ठळक मानली गेली ती अशी: उतरण्याचा कोन ३.३ अंश द्यायचा होता, यंत्रणा मात्र मिनिटाला फूट या मोडमध्ये होती आणि तिने ३३ म्हणजे ३,३०० फूट धरले. नॉब तोच. प्रशिक्षित वैमानिक. माझ्या छोट्या खोलीची विमानाशी तुलना करणं जरा अतीच होतंय हे मान्य, पण मी काही प्रशिक्षितही नाही.

(हो, मी स्वतः व्हिम वापरतो. यावर कमेंट येणारच म्हणून आधीच सांगतो. व्हिममध्ये चुकीच्या मोडमध्ये काही टाइप झालं तर 'यू' दाबतो. आत्याला 'यू' नाहीये.)

दुसरं: "मोठमोठ्या स्टुडिओतल्या डिजिटल कन्सोलला पण लेयर असतातच की!" असतात. आणि तिथे लेयर बदलला की फेडर मोटरने सरकून आपापल्या खऱ्या जागी जातात, वरच्या छोट्या पडद्यावर नाव बदलतं. म्हणजे लेयर बदलल्याची बातमी आख्खं टेबल देतं. तुमच्या पाचसहा हजारांच्या डबीत हे आहे का? त्यातला नॉब म्हणजे साधा पोटेन्शिओमीटर. त्याच्यावरची पांढरी रेघ हाच त्याचा डिस्प्ले. सीन एकमध्ये तो नॉब दोन वाजण्याच्या जागी ठेवलात, मग सीन दोनमध्ये गेलात. रेघ अजून दोनच दाखवतेय, पण सीन दोनमधला रिव्हर्ब आहे शून्यावर. जरा बोट लागलं की किंमत टुणकन शून्यावरून ऐंशीवर. म्हणून मग 'पिकअप' किंवा 'सॉफ्ट टेकओव्हर' आलं: नॉब खऱ्या किमतीच्या जागेवरून जाईपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे दुर्लक्ष करतं. म्हणजे आता तुम्ही नॉब फिरवताय आणि काहीच होत नाहीये, आणि ते बिघडलंय की वाट बघतंय हे कळत नाही. याला इलाज म्हणायचं? एका नॉबला एकच काम ठेवलं तर रेघ बहुतेक वेळा खरी असते. बहुतेक म्हणतोय, कारण प्रोजेक्ट बदलला तर तीही खोटी पडते. पण एका ठिकाणी खोटं पडणं आणि चार सीनमध्ये रोज खोटं पडणं यात फरक आहे.

गोल फिरत राहणारे, दिव्यांचं कडं असलेले एन्कोडर असतील तर गोष्ट थोडी वेगळी, हे कबूल. ते किंमत पाठवत नाहीत, नुसतं 'एक वर, एक खाली' सांगू शकतात, त्यामुळे उडी नाही. तुमच्याकडे तसे असतील आणि सॉफ्टवेअर उलट निरोप पाठवत असेल, तर तुम्हाला या लेखातून एक सूट. बटणांना सूट नाही.

तिसरं, आणि यात खरंच दम आहे: "सिंथला शंभर पॅरामीटर असतात, आठ नॉबमध्ये काय होणार?" होत नाही. माउस वापरा. सिरियसली. शंभरातले नव्वद पॅरामीटर आवाज बनवताना एकदा लागतात, वाजवताना नाही. हात ज्याच्यावर सतत जातो असे किती असतात, एक दिवस कागदावर रेघा मारून मोजा. माझे सहा निघाले. तुमचे जास्त निघतील कदाचित, पण एकशे साठ निघाले तर तुम्हाला आठ हात आहेत आणि मग तुमचा प्रश्न वेगळा आहे.

खरी गोष्ट अशी आहे की आपल्याला मॅपिंग करायला आवडतं. तिथे कंपायलरसारखा निर्णय लागतो: निरोप आला की नाही आला, चाललं की नाही चाललं. गाण्यात असं नसतं. दोन तास बसून एक ओळ बरी झाली की वाईट हेसुद्धा कळत नाही. म्हणून शनिवारी सकाळी 'आज नवीन चाल पूर्ण करायची' असं ठरवून बसलेला इंजिनियर अकरा वाजता सीन चारमध्ये सापडतो. मी चौदा वीकेंड तिथे होतो, मला तिथला पत्ता माहितीये.

उलट आत्याचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बघा. वीस वर्षं जुना. पट्टी, बारीक सूर, वेग, आवाज. प्रत्येकाचा एक नॉब, त्याच्यावरची अक्षरं कधीच पुसून गेलीयेत. लाइट गेलेले असताना, बॅटरीवर, अंधारात तिने तो पाच सेकंदांत लावलेला मी पाहिलाय. ती त्यांना खुंट्या म्हणते.

त्या शनिवारनंतर कंट्रोलरला महिनाभर हात लावला नाही. मग एडिटर उघडला आणि प्रोग्रॅमिंग केलं, पण उलट दिशेने. पहिलं काम, सीन एकचं मॅपिंग दोन, तीन आणि चारमध्ये जसंच्या तसं कॉपी केलं, चॅनलसकट. आता सीनचं बटण कोणीही, कधीही, कोपराने दाबू दे, काही बदलत नाही. मग जी बटणं लागत नाहीत ती बंद केली आणि वर टेप. मग किमतींना कुंपण: बहुतेक एडिटरमध्ये प्रत्येक नॉबची कमीत कमी आणि जास्तीत जास्त किंमत देता येते, हे मला चौदा वीकेंडमध्ये कधी बघावंसंही वाटलं नव्हतं. रिव्हर्बचा नॉब आता कितीही फिरवला तरी चाळीसच्या वर जात नाही. कोणाच्याही हातात द्यायला भीती नाही.

आणि रेकॉर्डचं बटण. त्याला मॅकी कंट्रोलच्या भाषेत टाकलं. त्या भाषेत रेकॉर्ड म्हणजे ९५ नंबरची नोट (हेक्समध्ये पाच-एफ, आवड असेल त्यांना), आणि रेकॉर्डिंग खरोखर सुरू झालं की रीपर तीच नोट उलट पाठवतं. दिवा डबीने लावायचा नाही, बाहेरून निरोप आला तरच लागू द्यायचा, असं एडिटरमध्ये सेट केलं. एवढ्या एका बदलाला वीस मिनिटं लागली. आता केबल सुटलेली असेल, लॅपटॉप झोपला असेल, तर बटण दाबूनही दिवा लागत नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी काय खूश झालो होतो, बायकोला बोलावून न लागलेला दिवा दाखवला.

ऑपरेशन चांगलं झालं. आत्या ठणठणीत आहे. आवाज तीन महिन्यांत परत आला, फक्त तार सप्तकात पूर्वीसारखी जात नाही, म्हणून आता काळी चारमध्ये गाते. क्लास चालू आहे. त्या दिवसाबद्दल तिने मला कधी एका शब्दाने बोललं नाही, बाबांना फोनवर एवढंच म्हणाली म्हणे की पोराकडे दिवे फार आहेत.

मध्यंतरी दिवाळीत आली होती तेव्हा मी तिला हेडफोन देऊन म्हटलं, तूच लाव तुला हवं तसं. तिने टेपवरचं वाचलं. 'तानपुरा', 'घुमारा', 'माझा आवाज'. घुमारा थोडा वाढवला, परत थोडा कमी केला, आणि मला विचारलं, "आणि ही आठवी खुंटी कसली रे?"

आठवी कसलीच नाही. टेप आहे, खाली काही जोडलेलं नाही. मित्राच्या मते ही नासाडी. पुढच्या शनिवारी आत्या परत येतेय, यावेळी भैरवी म्हणते म्हणालीये, आणि मी कागदावर परत रेघा मारून मोजलं: अजून सहाच.